घरातली एकुलती एक गाडी

२०२५ च्या मे महिन्यात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय भारतात आणली. पहिल्या खेपेत गाड्या फक्त १५०. शोरूममधली किंमत ५३ लाख रुपये. त्यावर राज्याचा कर आणि विमा धरला की महाराष्ट्रात आकडा साठीच्या पार. तरीही किंमत जाहीर होण्याआधीच दीडशेच्या दीडशे गाड्या नोंदल्या गेल्या होत्या. गाडीप्रेमींच्या गप्पांत त्या आठवड्यात दोनच सूर होते. एक, ‘अखेर आली’. दुसरा, ‘आपल्यासाठी नाही आली’. या दुसऱ्या सुरातली खंत समजून घ्यायची तर नुसता ५३ लाखांचा आकडा पाहून चालणार नाही. ही गाडी मुळात कोणासाठी जन्माला आली होती, तिथून सुरुवात करावी लागते.

१९७६ साली पहिली गोल्फ जीटीआय विकायला आली तेव्हा तिच्यात १६०० सीसीचं, ११० अश्वशक्तीचं इंजिन होतं आणि गाडीचं वजन होतं जेमतेम ८१० किलो. कंपनीतल्या वरिष्ठांचा या खटाटोपावर फारसा विश्वास नव्हता. पाच हजार गाड्या खपल्या तरी गंगेत घोडं न्हालं, असा एकूण हिशेब. प्रत्यक्षात पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर गाड्या खपल्या. सीटवरचं चौकटींचं टार्टन कापड आणि गिअरच्या दांड्यावरचा गोल्फचा चेंडू ही गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनरची कल्पना. ती आजही जीटीआयची ओळख आहे. पण कापड आणि चेंडूवर गाड्या खपत नाहीत. जर्मनीतल्या मध्यमवर्गीय घरात एकच गाडी असायची. तीच सोमवारी कामावर न्यायची, शनिवारी बाजाराला, सुट्टीत पोरं आणि सामान भरून आल्प्सकडे. जीटीआयने त्या माणसाला सांगितलं की यातलं काहीही न सोडता तुला मजेची गाडीही मिळेल. वेगळी स्पोर्ट्स कार घ्यायला नको, तिच्यासाठी वेगळं गॅरेज नको, आणि घरात कोणाची समजूत घालायला नको.

हॉट हॅचचं, म्हणजे अशा जोरकस हॅचबॅकचं, सगळं मोल इथे आहे, असं या लेखकाला वाटतं. ती घरातली एकुलती एक गाडी असते तोवरच तिला अर्थ आहे.

आपल्याकडेही असे दिवस होते, आणि त्यातले बरेचसे महाराष्ट्रातच घडले. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला फियाटची पालिओ मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडायची. तिच्या १.६ लिटरच्या जीटीएक्समध्ये १०० अश्वशक्ती होती, आणि जाहिरातीत सचिन तेंडुलकर. पेट्रोल ती सढळ हाताने प्यायची. पण ती चालवलेली माणसं आजही तिच्या स्टिअरिंगबद्दल बोलायला लागली की थांबत नाहीत. पुढे चाकणमध्ये फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला आणि २०१० मध्ये पोलो बाजारात आली. २०१३ मध्ये तिची जीटी टीएसआय आली: १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती, सात गिअरचा ड्युअल-क्लच डीएसजी गिअरबॉक्स, आणि किंमत ७.९९ लाख. मिनिटाला अवघ्या १,५०० फेऱ्यांना पूर्ण टॉर्क हाती यायचा. आठ लाखांच्या आतल्या गाडीत त्या काळी असलं काही कोणी देत नव्हतं.

दोन वर्षांनी, २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये, रांजणगावहून त्याहून अचाट गाडी आली. फियाटची अबार्थ पुंटो. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, बाजूला विंचवाचं चिन्ह, आणि किंमत ९.९५ लाख. दहा लाखांच्या आत इतकी ताकद देणारी हॅचबॅक आपल्याकडे त्याआधी नव्हती आणि त्यानंतरही आली नाही.

या गाडीच्या किमतीमागची एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आपल्या करव्यवस्थेत छोट्या गाडीची व्याख्या लांबी आणि सीसीवर ठरते: चार मीटरच्या आतली लांबी आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीच्या आतलं इंजिन. पुंटोची लांबी मापात बसत होती, ३,९८९ मिलिमीटर. इंजिन मात्र १,३६८ सीसीचं. त्या १६८ सीसीपायी तिच्यावर छोट्या गाडीचं साडेबारा टक्के उत्पादन शुल्क न लागता २४ टक्के लागायचं. तरीही फियाटने तिला दहा लाखांच्या खाली ठेवलं. बाकीच्या कंपन्यांनी यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. २०१७ ची मारुतीची बलेनो आरएस ९९८ सीसीची. २०१८ ची टाटांची टियागो जेटीपी, कोइम्बतूरच्या जयेमबरोबर मिळून केलेली, ११९९ सीसीची. २०२१ ची ह्युंदाईची आय-२० एन लाइन पुन्हा ९९८ सीसीची. भारतात जोरकस छोट्या गाड्यांचा आकार आणि आवाज गेली वीस वर्षं एका करपत्रकाने ठरवला आहे.

आता जरा हिशेब मांडून पाहू. शोरूमच्या किमतीला अश्वशक्तीने भागलं की टियागो जेटीपीची एक अश्वशक्ती साधारण ५,६०० रुपयांना पडत होती. अबार्थची सुमारे ६,९००, पोलो जीटीची ७,६००. २०२४ ची टाटा अल्ट्रोझ रेसर १२० अश्वशक्तीची, ९.४९ लाखांपासून, म्हणजे ७,९०० च्या आसपास. आणि गोल्फ जीटीआय, २६५ अश्वशक्तीला ५३ लाख: बरोबर वीस हजार रुपयांना एक.

या आकड्यांकडे नीट पाहिलं तर एक अनपेक्षित गोष्ट दिसते. २०१३ पासून आतापर्यंत आपल्याकडची महागाई ढोबळमानाने पाऊणपट वाढली. त्या हिशेबाने आठ लाखांची पोलो जीटी आज चौदा लाखांची व्हायला हवी होती. त्याऐवजी तिच्याहून ताकदवान अल्ट्रोझ रेसर साडेनऊ लाखांत निघाली. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आय-२० एन लाइनही लाखभराने उतरली. म्हणजे तळाच्या पायरीवरची मजा खरं तर स्वस्त झाली आहे. ‘सगळंच हाताबाहेर गेलं’ ही तक्रार करणाऱ्यांनी हे कबूल करायला हवं.

हाताबाहेर गेली ती मधली पायरी. दहा-अकरा लाखांच्या वर आणि पन्नास लाखांच्या खाली, गाडी चालवायची हौस असलेल्या माणसाला पाच दारांची नवी जोरकस गाडी घ्यायची म्हटली तर जवळपास काहीच उरलेलं नाही. पूर्वी होतं. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस हे त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण. तशी ती सेडानसारखी दिसते, पण डिक्कीबरोबर मागची काचही वर उचलली जाते, म्हणजे रचनेने हॅचबॅकच. २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची आरएस औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कारखान्यात जोडली जायची आणि २४.६२ लाखांना मिळायची. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीची आली ती पूर्ण तयार आयात होऊन, २०० गाड्या, ३५.९९ लाख. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये २६५ अश्वशक्तीची आली तीही आयात, १०० गाड्या, ४९.९९ लाख. आठ वर्षांत किंमत दुप्पट, ताकदीत भर ३५ अश्वशक्तींची.

इतकी वाढ एकट्या महागाईची नव्हे. ती कारखान्यापासून बंदरापर्यंत सरकलेल्या जागेची आहे. सुटे भाग आणून इथे जोडलेल्या गाडीवर सीमाशुल्क बरंच कमी असतं. तयार गाडी आणली, आणि तिची मूळ किंमत ४० हजार डॉलरच्या आत असली, तर ते ७० टक्के. त्या वाढलेल्या रकमेवर, गोल्फ आली तेव्हाच्या दराने, २८ टक्के जीएसटी आणि मोठ्या इंजिनावरचा २० टक्के उपकर. परदेशातून शंभर रुपयांना निघालेली गाडी विक्रेत्याचा नफा न धरताच अडीचशे रुपयांची होते. कंपन्या तरी तयार गाडीच का आणतात? कारण वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या इथल्या चाचण्यांची संपूर्ण प्रक्रिया न करता आणायची मुभा २०१८ पासून आहे. शंभर-दीडशे गाड्यांसाठी इथे जोडणीची व्यवस्था उभी करणं कोणालाच परवडत नाही. मुभा चांगल्या हेतूने दिली गेली आणि तिच्यामुळेच गोल्फ इथे दिसली, हे खरं. पण त्यामुळे हॉट हॅच ही भारतात मोजक्या खेपांमध्ये येणारी, आल्याआल्या संपणारी चीज झाली, हेही तितकंच खरं.

युरोपात वेगळ्या वाटेने तेच घडतं आहे. तिथे कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांच्या कार्बन उत्सर्जनाची सरासरी मोजतात. मर्यादा ओलांडली की प्रत्येक जादा ग्रॅममागे, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड. अशा हिशेबात स्वस्त आणि जोरकस छोटी गाडी विकणं म्हणजे कंपनीने पदरमोड करणं. फोर्डने २०२३ मध्ये फिएस्टा बंद केली, तिच्याबरोबर फिएस्टा एसटी गेली. ह्युंदाईने आय-२० एन युरोपातून काढून घेतली. ही आपल्याकडच्या एन लाइनहून निराळी, खरोखरची दोनशे अश्वशक्तींची गाडी. ज्या उरल्या त्यांच्या किमती पाहाव्यात: टोयोटाची जीआर यारिस ब्रिटनमध्ये २०२० साली ३० हजार पौंडांच्या किंचित आत होती, २०२४ च्या सुधारित गाडीची सुरुवात ४४ हजारांच्या पुढे. होंडाची सिव्हिक टाइप आर २०१७ मध्ये ३१ हजारांची, तिची पुढची पिढी ४७ हजारांची.

तरीही ब्रिटनमधल्या हौशी माणसाकडे एक वाट उरते, जी आपल्याकडे बंद आहे. तिथे दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या हॉट हॅचचा मोठा बाजार आहे. भारतात तीन वर्षांहून जुनी गाडी आयात करता येत नाही. त्यामुळे आपला जुन्या गाड्यांचा बाजार म्हणजे इथे नव्याने विकल्या गेलेल्या गाड्यांचाच बाजार, आणि त्या मुळात थोड्या. पोलो जीटीआय २०१६ मध्ये आली तेव्हा ९९ गाड्यांपुरती, किंमत जवळजवळ २६ लाख. तेव्हा तिला इतकं कमी गिऱ्हाईक मिळालं की पुढच्या वर्षी किंमत सहा लाखांनी उतरवावी लागली. बलेनो आरएसही २०१९ मध्ये लाखभराने स्वस्त करावी लागली होती. उत्सर्जनाचे बीएस-६ नियम आले आणि जेटीपी, बलेनो आरएस एकदमच गेल्या. त्या नियमांसाठी इंजिन सुधारायचा खर्च काढण्याइतका खप नव्हता. अबार्थचा खप तर शोरूमपेक्षा गप्पांत जास्त होता. जेव्हा मिळत होत्या तेव्हा आपण गाडीप्रेमींनी त्या पुरेशा विकत घेतल्या नाहीत, ‘थोडी स्वस्त झाली की बघू’ म्हणत बसलो. कर आणि नियमांकडे बोट दाखवताना हेही बोलायला हवं.

पुण्यात, ठाण्यात, नाशकात आज वापरलेली पोलो जीटी शोधणारी मंडळी कमी नाहीत. जाणकार माणूस अशी गाडी कशी पाहतो, ते बघण्यासारखं असतं. तो आधी मालकाला विनंती करतो की गाडी सुरू करून ठेवू नका, मी येईपर्यंत इंजिन थंडच असू द्या. आल्यावर बॉनेटवर हात ठेवून ते खरंच थंड आहे का पाहतो. मग चावी फिरवून पहिल्या काही सेकंदांचा आवाज ऐकतो. चढावर गाडी ‘डी’मध्ये टाकून ब्रेकवरून पाय हळूच काढतो, कारण त्या कोरड्या क्लचच्या डीएसजीचं दुखणं पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या बदलात, सावकाश चालताना, थरथरीतून कळतं. त्या गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर खर्च लाखाच्या घरात जातो. पुढच्या बंपरखाली वाकून घासल्याच्या खुणा बघतो. सर्व्हिसची पुस्तिका मागतो. आणि शेवटी विचारतो, ‘रीमॅप केलंय का?’ इंजिनाची संगणकीय आज्ञावली बदलून ताकद वाढवण्याची ही सोय लोकप्रिय आहे. पण आधीच्या मालकाने ती केलेली असेल, तर गिअरबॉक्सने किती सोसलंय याचा अंदाज कोणीच देऊ शकत नाही. इतकी तपासणी करून, वर्षभर शोधून माणसं दहा-बारा वर्षांची गाडी घेतात. त्यांचं काही अडलेलं नसतं. थोडे जास्त पैसे घातले की नवी, उंच एसयूव्ही मिळते. तरीही त्यांना हीच हवी असते.

का हवी असते, ते ताम्हिणीच्या रस्त्यावर कळतं. मुळशी सोडून रविवारी सकाळी लवकर निघालं, पाऊस नुकताच संपलेला असला, की त्या वळणांवर ताशी पन्नास-साठच्या वेगातही अशी गाडी माणसाशी बोलते. वळणाआधी ब्रेक, गिअर खाली, पुढची चाकं ओढ घेतात, स्टिअरिंगमधून रस्त्याचा पोत तळहातांना लागतो. यात कायदा मोडायची गरज पडत नाही आणि कोणाचा जीव धोक्यात घालायची तर मुळीच नाही. मागच्या सीटवर पोरगं झोपलेलं असू शकतं, डिक्कीत डबे असू शकतात. शंभर-सव्वाशे अश्वशक्ती हे आपल्या घाटांना आणि आपल्या वेगमर्यादांना पुरतं माप आहे. ती ताकद माणूस रोज पूर्ण वापरू शकतो.

नवी गोल्फ जीटीआय स्थिर अवस्थेतून शंभरचा वेग ५.९ सेकंदांत गाठते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला वेगमर्यादाच शंभर. म्हणजे सहा सेकंदांत मजा संपते, आणि मग उरलेला रस्ता ती गाडी स्वतःला आवरत चालते. उत्तम गाडी आहे, यात शंका नाही. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी जरूर घ्यावी, ट्रॅकवर न्यावी, जपावी. पण जो माणूस ती घेतो त्याच्या दारात बहुधा आधीच दोन गाड्या असतात. तिला सोमवारी ऑफिसला नेताना कोणी आरसा तोडेल, पार्किंगमध्ये कोणी दार आपटेल, या धास्तीने ती आच्छादनाखालीच राहते. खड्डे चुकवत ती आठवड्यातून एकदा निघते. १९७६ साली ज्या माणसासाठी जीटीआय बनली, तो माणूस या व्यवहारात कुठेच नाही. वीस हजारांना एक अश्वशक्ती हा दर त्यामुळे या लेखकाला महाग वाटण्यापेक्षा अनाठायी वाटतो. फेरारीसाठी माणूस पैसे मोजतो ते तिच्या दुर्मीळपणाचेही मोजतो. हॉट हॅचचं काम रोजचं आहे. दुर्मीळ झाली की तिची उपयोगिताच जाते.

मग पंधरा-वीस लाख बाजूला ठेवलेल्या, घरात एकच गाडी परवडणाऱ्या माणसाने काय करावं? बरेच जण चाकणचीच व्हर्टस घेतात, दीडशे अश्वशक्तीच्या १.५ टीएसआय इंजिनाची. चांगली गाडी आहे, पण साडेचार मीटरची सेडान आहे. डेक्कनच्या गल्ल्यांत आणि सोसायटीच्या खांबांमध्ये तिची लांबी जाणवते. गोल्फसाठी दहा वर्षं पैसे साठवण्यापेक्षा आय-२० एन लाइनची सहा गिअरची मॅन्युअल आजच घ्यावी, असं या लेखकाचं स्पष्ट मत आहे. १२० अश्वशक्ती, चारही डिस्क ब्रेक, मूळ आय-२० पेक्षा कडक सस्पेन्शन, आणि कंपनीची वॉरंटी. ती अबार्थ नाही. पण ती शोरूममध्ये मिळते, आणि असल्या गाड्या शोरूममध्ये मिळत राहायच्या असतील तर कोणीतरी त्या नव्या घ्याव्याच लागतील.

आणि चाकणकडे एक मागणी करायला हरकत नाही. २०२२ मध्ये बारा वर्षांनी आणि तीन लाखांहून अधिक गाड्यांनंतर पोलो बंद झाली. निरोपाच्या ‘लेजंड’ आवृत्तीच्या फक्त ७०० गाड्या निघाल्या, १०.२५ लाखांना. तिच्या जागी पुढची पोलो इथे आली नाही. मात्र ९९९ सीसीचं, ११५ अश्वशक्तीचं टीएसआय इंजिन आजही त्याच कारखान्यात व्हर्टस आणि टायगुनमध्ये बसवलं जातं. ते १२०० सीसीच्या आत आहे. चार मीटरच्या आतल्या पाच दारांच्या गाडीत ते बसवलं तर जीएसटी ४० टक्के नव्हे, १८ टक्के लागेल. सहा गिअरची मॅन्युअल द्यावी, सनरूफ आणि मोठा पडदा वगळला तरी चालेल, किंमत बारा लाखांच्या आत ठेवावी. ब्रेक मात्र मागेही डिस्कच हवेत.